उजवीकडचं दार

माझ्या मुलीच्या शाळेची बस आमच्या सोसायटीच्या फाटकाशी थांबली की लोकांना बस दिसते. मला तिच्या दारातल्या तीन पायऱ्या दिसतात. खालची फार उंच, मधली अरुंद, आणि वरची एका कडेला झिजून गुळगुळीत झालेली. रोज सकाळी मुलीला उचलून मी त्या चढायचे. तिच्या पायांत जन्मापासून ताकद नाही. लहान होती तोवर कडेवर मावायची. आता ती वीस वर्षांची आहे, अंगाने माझ्यासारखीच दणकट, आणि मी पन्नाशी ओलांडलेली. तिचे हात माझ्या गळ्यात, माझा एक हात तिच्या पाठीमागे, दुसरा गुडघ्यांखाली, आणि मागून बसमधल्या मावशी तिची पावलं सावरत, अशी आमची वरात वर जायची. वर पोचले की मी धाप दाबून हसायचे, म्हणजे आतल्या लेकरांना वाटावं की यात काही विशेष नाही.

तिचे वडील एकलहऱ्याला वीज केंद्रात. त्यांच्या पाळ्या फिरत्या. घरी असले की ते उचलायचे, पण त्यांची सुट्टी आणि शाळा यांचा योग क्वचितच जुळून यायचा. त्यामुळे हे खातं माझ्याकडे आलं ते कायमचं.

शाळा देवळाली कॅम्पच्या रस्त्याला आहे. सरकारी भाषेत तिथली मुलं दिव्यांग. हा शब्द ज्यांना सुचला त्यांनी एखाद्या सकाळी एका दिव्यांगाला घेऊन आमच्या बसच्या पायऱ्या चढून दाखवाव्यात, असं मला फार वाटतं. शिकायचं वय संपलं की मोठी मुलं तिथल्याच कार्यशाळेत काम करतात. माझी मुलगी बेदाणे निवडते. खोक्यांनी बेदाणे येतात, त्यातल्या काड्या, खडे, काळे पडलेले दाणे बाजूला काढायचे आणि चांगले पाकिटात भरायचे. तिच्या हातून गेलेल्या पाकिटात काडी निघाली असं अजून कोणी म्हटलेलं नाही, आणि कोणी म्हटलं तर त्या दिवशी ती जेवायची नाही. बारकी पोरं तिला ताई म्हणतात, तिच्याकडे एकमेकांची गाऱ्हाणी घेऊन येतात. घरी ती खिडकीशी बसून खालचा रस्ता बघते, आणि शाळेत तिला मान वर करायला सवड नसते. ते बंद झालं तर तिचं काय होईल हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आपली कंबर चालेल तोवर चालवायची असं मी ठरवलं होतं. पुढचा विचार करायचा नाही असंही ठरवलं होतं, पण तो रोज यायचा, आणि नेमका पायऱ्यांवर यायचा.

अशात संस्थेच्या अध्यक्षांच्या परदेशातल्या पुतण्याचा निरोप आला. तो राहतो त्या गावात शाळेच्या बसगाड्या बारा वर्षं वापरून काढून टाकतात. त्यातली एक लिफ्टवाली बस तिथलं एक मंडळ आमच्या शाळेला द्यायला तयार होतं, तीही जहाजाच्या भाड्यासकट. सोबत व्हिडिओ होता. बसच्या कुशीत एक दार उघडतं, आतून लोखंडी फळी बाहेर येते आणि जमिनीला टेकते. चाकाच्या खुर्चीतली एक मुलगी फळीवर येते, आणि फळी तिला घेऊन सावकाश वर जाते. कोणी उचललं नाही, कोणी कण्हलं नाही. ती मुलगी तर वर जाताना स्वतःच्या वेणीशी खेळत होती. तो व्हिडिओ बघता बघता मी एकदा भाजी करपवली आणि घरात कोणी ब्रसुद्धा काढला नाही.

मग शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला. आमच्याकडे फ्लेक्स लागल्याशिवाय कुठलीही गोष्ट घडत नाही, आणि लागला की ती घडल्यातच जमा असते. डाव्या कोपऱ्यात हात जोडलेले अध्यक्ष, उजवीकडून त्यांच्या दिशेने येणारी पिवळी बस, तिच्या अंगावर ठळक अक्षरांत शाळेचं नाव, आणि वर ‘हार्दिक स्वागत’. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, फ्लेक्सखाली नारळ फोडला. मावशींनी बसच्या चाकांना, फोटोतल्याच, हळदकुंकू वाहिलं. आम्ही पालकांनी पेढे खाल्ले. मुलगी येता-जाता त्या फ्लेक्सकडे टक लावून बघायची. मी म्हणायचे, “आता तुझी मजा आहे.” ती म्हणायची, “तुझी.”

घोडं अडलं ते बंदरावरच्या एजंटाकडे. त्याने फोनवर मोठ्या बाईंना सांगितलं की परदेशातली वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर देशात आणता येत नाही. शिवाय स्टिअरिंग उजव्या हाताला हवं, आणि आल्यावर इथल्या रस्त्यावर चालण्याजोगी आहे की नाही याची तपासणी वेगळी. बाईंनी हे पालकांच्या बैठकीत सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी उभी राहून म्हणाले, “ती बारा वर्षांची म्हणून म्हातारी, आणि आपली? आपली बस कुठल्या कारखान्याने किती वर्षं वापरून आपल्या गळ्यात मारली, तिचं वय विचारायची सोय आहे का?” सगळे हसले. अध्यक्ष म्हणाले, वरपर्यंत ओळख आहे, मुलांसाठी खास बाब म्हणून सूट आणू. सूट येतेय, येतेय म्हणता म्हणता द्राक्षांचा हंगाम सरला, नवे बेदाणे शाळेत आले, तरी सूट वाटेतच होती.

शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, आरटीओत जाऊन निदान एवढं तरी विचारू, की सूट मिळाली तर नाशकात गाडी पास होईल का. मला त्यांनी बरोबर घेतलं, कारण त्या स्वतः फार हळू बोलतात. आमच्या समोरचा अधिकारी माझ्याच वयाचा होता. त्याने सगळे कागद शांतपणे वाचले, आम्हाला पाणी दिलं, आणि म्हणाला, “ताई, वयाची सूट मिळाली असं धरून चालू. पण हिचं स्टिअरिंगही उलट्या हाताला आहे आणि लिफ्टचं दारही उजवीकडे आहे.”

“डावीकडे आहे,” मी म्हणाले.

“उजवीकडे.”

मी पर्समधून मोबाइल काढला आणि फ्लेक्सचा फोटो त्याच्या पुढ्यात धरला. बस, बसच्या डाव्या अंगाला दार, दारातून उतरलेली फळी, सगळं ढळढळीत. त्याने तो बराच वेळ पाहिला. मग कागदांतून पुतण्याने पाठवलेला मूळ फोटो काढून शेजारी ठेवला. तीच बस, तेच मागचं झाड, पण सगळं आरशात बघावं तसं उलटं. दार उजवीकडे. बसच्या अंगावर शाळेच्या नावाच्या जागी परदेशी अक्षरं होती.

मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्या आणखी हळू आवाजात म्हणाल्या, “फ्लेक्सवाला म्हणाला होता, बस साहेबांकडे पाठ करून चाललीय, ते बरं दिसत नाही. म्हणून त्याने तिचं तोंड फिरवलं.”

इतके महिने आम्ही त्या बसला हळदकुंकू वाहत होतो, आणि ती बस जगात कुठेच नव्हती. व्हिडिओ मी पन्नास वेळा पाहिला असेल, पण त्यात फक्त मोकळं मैदान होतं. रस्ता नव्हताच, त्यामुळे दार कुठल्या बाजूला आहे हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. मला फळी दिसत होती आणि वेणीशी खेळणारी मुलगी.

अधिकारी म्हणाला, “तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे त्यांचं उजवीकडचं दार फुटपाथला उघडतं. आपल्याकडे ते भर रस्त्यात उघडेल. मुलगी खुर्चीसकट फळीवर, आणि मागून ट्रक.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. पण हार मानायचा माझा स्वभाव नाही. म्हटलं, दार इकडचं तिकडे करून घेऊ, नाशकात बॉडी बांधणारे काय कमी आहेत? तो म्हणाला की लिफ्टचं वजन पेलायला त्या बाजूचा सांगाडा मुळातच तसा बांधलेला असतो, ब्लाउजच्या हुकांसारखा तो या बाजूचा त्या बाजूला लावता येत नाही. मग मात्र माझा तोल गेला. मी म्हणाले, “तुमचं बरंय साहेब. तुम्ही नियम सांगायचा आणि घरी जायचं. उद्या सकाळी तिला उचलायला तुमचा नियम येणार आहे का आमच्या फाटकाशी?”

तो चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, “नाही येणार. पण एखादी बस उलटली, पेटली, की तपासणीला मला जावं लागतं. दार कुठल्या बाजूला होतं, उघडलं होतं का, त्याच्या आड काय ठेवलं होतं, हे सगळं तेव्हा मोजतो. तेव्हा मोजून कोणाला काही उपयोग नसतो.” मग त्याने विचारलं, “आता ती कशी चढते?”

“मी उचलते.”

“आणि उतरताना?”

“मीच. शाळेत दोघी मावशी.”

“ती स्वतः काही करते का?”

मी उठले. ज्या माणसाने माझ्या मुलीला कधी पाहिलंही नाही त्याने हे विचारावं याचा मला भयंकर राग आला. कार्यालयाच्या पायऱ्या मी इतक्या तावातावाने उतरले की मोठ्या बाई मागेच राहिल्या. त्याचं म्हणणं बरोबर होतं हे मला कळत होतं, आणि बरोबर असल्यामुळेच ते सोसवत नव्हतं.

घरी येऊन मुलीला सगळं सांगितलं. ती रडेल म्हणून मी तयारीत होते. ती नुसती म्हणाली, “म्हणजे अजून तुलाच.” आणि खिडकीकडे वळली.

त्या संध्याकाळी तिचे वडील पाळीवरून आले. चहा देताना माझ्या तोंडून निघून गेलं, “माझं मी रेटेन हो. पण माझ्यानंतर हिला कोण चढवणार?” त्यांनी कप खाली ठेवला. बाल्कनीचं दार उघडं होतं आणि मुलगी तिथे बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

श्रावणात एका सकाळी वरच्या गुळगुळीत पायरीवरून माझा पाय सरकला. मुलीला मी सोडलं नाही, ती माझ्या अंगावर पडली आणि तिला खरचटलंही नाही. माझी कंबर मात्र गेली. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि सांगितलं की वजन उचलायचं नाही, आता नाही आणि नंतरही नाही. मी विचारलं, नंतर म्हणजे कधीपर्यंत? ते म्हणाले, नंतर म्हणजे नंतर.

मदतीला माणसं नव्हती असं नाही. वॉचमन म्हणाला, मी उचलतो. बसचा ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, “वहिनी, मी हाय ना. लेकीसारखी हाय ती मला.” दोघेही भली माणसं. पण मुलीने मान हलवली. “मला कोणी पुरुषाने उचललेलं नको,” ती मला घरात म्हणाली. वीस वर्षांच्या मुलीला कोणी विचारतच नाही की बाई, तुला कोणाचे हात चालतील. मावशी एकट्याने तिला पेलू शकत नव्हत्या.

तेव्हा शाळा थांबली. सकाळी बस फाटकाशी हळू व्हायची, ड्रायव्हर एकदा हॉर्न द्यायचा, वाट बघायचा आणि जायचा. मी लाकडी फळीवर उताणी पडलेली, आणि पलीकडच्या खोलीत मुलगी. तिथून दिवसभर कसले कसले आवाज यायचे. काहीतरी धप्पकन आपटायचं, मग सरकायचं, मग गप्प. मी ओरडून विचारलं की ती म्हणायची, “काही नाही.” मला वाटायचं, पोरगी चिडलीय आणि वस्तू आदळतेय. आदळू दे म्हटलं. तिला चिडायचा हक्क होता.

मी पट्टा बांधून चालायला लागले त्यानंतरची गोष्ट. एका सकाळी ती जुना, घट्ट विणीचा पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला बांधून तिच्या चाकाच्या खुर्चीत बसलेली. म्हणाली, “मला फाटकापर्यंत सोड.” म्हटलं, “कशाला? बघायला?” ती म्हणाली, “सोड तर.” रात्रभर पाऊस झाला होता, रस्ता चिकचिकीत होता. बस आली. दार उघडलं आणि मावशी खाली उतरल्या, तर त्यांच्या हातात प्लॅस्टिकचा मोठा तुकडा. शाळेतला तो फ्लेक्स पावसाआधी उतरवून बेदाण्यांच्या खोक्यांवर टाकायला कापला होता, त्यातलाच एक. अध्यक्षांचा चेहरा येणार नाही असा बघून आणलेला. मावशींनी तो ओल्या पायऱ्यांवर अंथरला आणि हाताने दाबून नीट बसवला. मुलीने त्यांना फोन करून सगळं आधीच सांगितलं होतं. मला तेवढं सांगितलं नव्हतं.

तिने खुर्ची खालच्या पायरीला भिडवली, चाकांना ब्रेक लावला, पाठ बसकडे वळवली. एक हात दांड्याला, एक पायरीवर. अंग उचललं आणि खालच्या पायरीवर बसली. धप्प. तो आवाज मी ओळखला. इतके दिवस पलीकडच्या खोलीत ती खुर्चीवरून पाटावर, पाटावरून स्टुलावर, स्टुलावरून पलंगावर चढत होती, पडत होती आणि पुन्हा चढत होती.

मग तिने एका हाताने एक पाय उचलून जवळ घेतला, मग दुसरा, एखादी पिशवी घ्यावी तसे. हात मागे टेकले. मधली पायरी अरुंद, तिथे तिचं बूड नीट मावेना, ती घसरून परत खाली आली. मी पुढे धावले. मावशींनी मला अडवून धरलं. त्या इगतपुरीकडच्या, बोलायला कमी. म्हणाल्या, “र्‍हाऊ द्या बाई. तिचं तिला करू द्या.” मागे रिक्षावाले, मोटरसायकलवाले हॉर्न बडवायला लागले. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून त्यांच्यावर ओरडला, “लय घाई हाय का? मग वरून उडून जा!” सोसायटीतल्या बायका बाल्कन्यांत आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. माझी मुलगी चारचौघांसमोर बुडावर घसटत चिखलातून चढत होती, आणि मी, तिची आई, नुसती उभी होते. तिला उचलताना माझे हाल व्हायचे, पण असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्यांदा तिला मधली पायरी साधली. वरच्या पायरीशी ती खूप वेळ थांबली. घामाने केस कपाळाला चिकटलेले, कोपर खरचटलेलं. आतून एक बारका पोरगा ओरडला, “ताई, ये ना!” तिने डोळे मिटले, दात आवळले आणि वर गेली.

वर बसच्या जमिनीवर बसून ती धापा टाकत होती. हसून वगैरे काही दाखवलं नाही तिने. मी दाराशी गेले. रागावू की काय करू मला कळत नव्हतं, म्हणून रागावले. म्हटलं, “एवढा कसला हट्ट गं? मी बरी होईपर्यंत थांबायचं होतंस.”

तिचं बोलणं मुळात सावकाश, त्यात दम लागलेला. एकेक शब्द जुळवत ती म्हणाली, “तू होशील गं बरी. पण एक दिवस तू नसशील ना.”

मावशींनी खुर्चीची घडी करून आत घेतली, फ्लेक्सचा तुकडा झटकून गुंडाळला आणि दार लावलं. बस कॅम्पच्या दिशेने निघून गेली. बराच वेळ मी तिथेच होते. मग वॉचमन म्हणाला, “काकू, जरा बाजूला व्हा, गाडी येतेय,” तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझे दोन्ही हात अजून तसेच पुढे धरलेले आहेत, एक वर, एक गुडघ्यांच्या उंचीला.